शरीर माझे नाही, मग कोणाचे?

गेल्या वर्षावासात ग्रंथवाचनाच्या निमित्ताने बाळापूर येथे जाण्याचा योग आला. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ल्यामुळे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्या दिवशी विहारात मी अनत्तलक्खणसुत्ताचे विवेचन केले. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान यांपैकी एकालाही 'माझे' म्हणता येत नाही, असे सांगून मी थांबलो. तेव्हा मागील बाजूस बसलेली महाविद्यालयात शिकणारी एक तरुणी उठली आणि म्हणाली, "सर, शरीर माझे नाही, हे समजले. मग ते कोणाचे?" सभेत थोडा हशा पिकला. ती मात्र हसली नाही.

वाचन संपल्यावर तिने जे सांगितले त्यावरून प्रश्नाचे मूळ कळले. तिच्या आजीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. रक्तशुद्धीसाठी, म्हणजे डायलिसिससाठी, तिला आठवड्यातून दोनदा अकोल्यास न्यावे लागते. "आता मले तिथं नेऊ नका," असे आजी महिनाभरापासून म्हणत आहे. थोरले काका म्हणतात, न्यायचेच. धाकटे काका म्हणतात, तिचे आयुष्य झाले, आता तिला सोडावे. आणि नातीला वाटते की शरीर आजीचे आहे, तेव्हा शब्दही तिचाच चालला पाहिजे. अशा वेळी मी शरीर कोणाचेच नाही असे सांगून बसलो होतो. लेखी उत्तर देण्याचे मी तिला कबूल केले. प्रस्तुत लेख हे ते उत्तर आहे. ते लिहिताना माझ्या लक्षात आले की, हा प्रश्न पालि वाङ्मयात निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या अंगांनी आलेला आहे आणि ही अंगे एकत्र ठेवून पाहिल्याखेरीज उत्तर पुरे होत नाही.

प्रथम समाजातील अर्थ पाहू. 'भुजिस्स' हा पालि शब्द 'दास' या शब्दाच्या विरुद्धार्थी आहे. जो दुसऱ्याच्या मालकीचा नाही, तो भुजिस्स. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात नीवरणांतून मुक्त झालेल्या भिक्खूच्या आनंदाला दास्यातून सुटलेल्या मनुष्याच्या आनंदाची उपमा दिली आहे. तेथे त्या मनुष्याला 'अत्ताधीन' म्हटले आहे. तो आता पराधीन नसून इच्छेस येईल तिकडे जाऊ शकतो. आजही उपसंपदेच्या वेळी उमेदवारास जे प्रश्न विचारतात, त्यांत तू भुजिस्स आहेस ना, ऋणमुक्त आहेस ना, राजाच्या चाकरीत नाहीस ना, मातापित्यांची अनुमती आहे ना, हे प्रश्न असतात. दुसऱ्या कोणाचा अधिकार जिच्या देहावर चालतो अशा व्यक्तीला संघात घेतले तर तो अधिकार सांगणारे विहाराच्या दाराशी येऊन उभे राहतील, हे विनयकारांना ठाऊक होते.

आपल्या समाजाला हा शब्द कोशात पाहावा लागत नाही. महार वतनाच्या व्यवस्थेत गावाने व सरकारने कोणत्याही प्रहरी हाक मारावी आणि वतनदाराने धावत जावे, हा शिरस्ता होता. तुटपुंज्या जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात देहच गहाण पडलेला असे. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ज्या समाजाच्या देहावर शतकानुशतके दुसऱ्यांनी मालकी सांगितली, त्या समाजापुढे उभे राहून 'शरीर तुझे नाही' असे सांगणाऱ्याने शब्द जपून वापरले पाहिजेत. बाळापुरात ते मी पुरेसे जपले नाहीत.

'माझे नाही' याचा अर्थ 'दुसऱ्याचे आहे' असा होत नाही. अनत्तवाद मालकीचे हस्तांतर करीत नाही. मालकी ही कल्पनाच तो नाकारतो. मज्झिमनिकायातील चूळसच्चकसुत्तात हे वादाच्या रूपाने आले आहे. वेसालीचा सच्चक नावाचा निगण्ठपुत्र, मोठा वादपटू, रूप हाच माझा आत्मा असे ठासून सांगतो. तेव्हा भगवान त्याला विचारतात की, पसेनदीसारख्या मूर्धाभिषिक्त राजाचा आपल्या राज्यात देहदंड देण्याचा, दंड करण्याचा, हद्दपार करण्याचा अधिकार चालतो की नाही? सच्चक म्हणतो, चालतो. मग तुझ्या रूपावर तुझी अशी सत्ता चालते काय, की ते असे व्हावे, असे होऊ नये? यावर सच्चक गप्प बसतो.

या संवादातील राजाची उपमा मला फार महत्त्वाची वाटते. पाश्चात्त्य विचारात स्वतःवरील मालकीची कल्पना याच उपमेवर उभी आहे. जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक मनुष्याची स्वतःच्या देहावर मालमत्ता असते असे मांडले. पण मनुष्य ही ईश्वराची निर्मिती असल्याने त्याला आत्मनाशाचा अधिकार नाही, असेही त्यानेच म्हटले. म्हणजे खरा मालक त्याने वर बसवून ठेवला. पुढे १८५९ मध्ये मिलने व्यक्तीला स्वतःच्या देहमनाचा सार्वभौम राजा ठरविले. तरीही या राजाने स्वतःला गुलाम म्हणून विकावे, हे मिलला मान्य नव्हते. सच्चकाला विचारलेला प्रश्न या दोघांनाही विचारता येईल. ज्या राजाचे फर्मान ताप, जरा आणि मरण मानीत नाहीत, तो कोणत्या अर्थाने राजा? धम्मपदातील अत्तवग्गात मनुष्याने स्वतःचा 'नाथ' होण्याविषयी सांगितले आहे, हे खरे. परंतु नाथ म्हणजे आधार, रक्षण करणारा. त्याचे भाषांतर 'मालक' असे करणे चुकीचे आहे. रक्षकाला अधिकार असतात, पण ते रक्षणापुरते.

मग ज्या शरीरावर मालकी नाही, त्याला जपायचे तरी कशाला? हा प्रश्न मिलिंद राजाने नागसेनास विचारलाच आहे: प्रव्रजितांना शरीर प्रिय असते काय? नागसेन उलट विचारतो, लढाईत बाण लागून जखम झाली तर तिला लेप लावतात, तेल घालतात, मऊ वस्त्राने बांधतात, ते काय जखम प्रिय असते म्हणून? मालकीविना काळजी घेता येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु हीच दृष्टी अर्धवट घेतली तर काय होते, तेही विनयपिटकाने लपविलेले नाही. तिसऱ्या पाराजिकाची निदानकथा वाचताना आजही अंगावर काटा येतो. वेसालीत भगवंतांनी अशुभ भावनेचा, म्हणजे देहाच्या किळसवाणेपणाच्या चिंतनाचा, उपदेश केला आणि पंधरा दिवस ते एकांतात गेले. इकडे भिक्खूंना स्वतःच्या देहाची इतकी घृणा आली की काहींनी स्वतःचा, काहींनी एकमेकांचा जीव घेतला. कित्येकांनी मिगलण्डिक नावाच्या श्रमणवेषधाऱ्यास पात्रचीवर देऊन आपणास मारविले. एकांतातून परतल्यावर भगवंतांनी आनंदास विचारले, भिक्खुसंघ विरळ का दिसतो? हकिगत कळल्यावर त्यांनी उरलेल्यांना आनापानस्मृती शिकविली, आणि मनुष्यवध करणारा अथवा त्यासाठी मारेकरी शोधणारा भिक्खू पाराजिक होतो, असा नियम घालून दिला. देह 'माझा नाही' हे ज्ञान आणि देह 'नकोसा' ही घृणा यांत केवढे अंतर आहे, हे त्या पंधरा दिवसांनी दाखविले. घृणा हीदेखील तृष्णाच. आपल्या परिभाषेत तिला विभवतृष्णा म्हणतात.

नियम तेवढ्यावर थांबला नाही. त्याच्या दुसऱ्या निदानाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण आजच्या आपल्या विषयात तेच सर्वांत उपयोगी आहे. एक उपासक आजारी होता. त्याची पत्नी रूपवती होती. षड्वर्गीय भिक्खूंचे मन तिच्यावर गेले. हा जिवंत असेपर्यंत ती आपणास मिळणार नाही, असा विचार करून ते त्याच्याकडे गेले आणि मरणाची थोरवी सांगू लागले: तू पुण्य केले आहेस, पाप केले नाहीस, या दुःखी जीवनात तुला काय उरले आहे, मरशील तर स्वर्गसुख भोगशील. त्या भोळ्या माणसाला ते पटले. त्याने अपथ्य खाल्ले, आजार बळावला आणि तो गेला. पत्नीने भिक्खूंची छी:थू केली. तेव्हापासून मरणाची स्तुती करणे अथवा मरणास प्रवृत्त करणे हेही पाराजिकाच्या कक्षेत आले.

येथे विचार करावा. अपथ्य खाण्याचा निर्णय कोणाचा? दिसायला त्या उपासकाचाच. कोणी त्याचा हात धरला नव्हता. आजच्या भाषेत त्याने आपली स्वायत्तता वापरली. परंतु विनय विचारतो की, हा विचार त्याच्या मनात कोणी पेरला आणि पेरणाऱ्याचा त्यात लाभ काय होता? पुढे दुसऱ्या एका प्रकरणात केवळ करुणेने, कसलाही स्वार्थ नसताना, आजारी भिक्खूपुढे मरणाची थोरवी सांगणारेही पाराजिक ठरले आहेत. स्वतःचा देह टाकू पाहणाऱ्यास मात्र विनय तुलनेने सौम्य आहे. गिज्झकूटावरून उडी घेणारा भिक्खू खालच्या बुरुडावर पडला. बुरूड मेला, भिक्खू वाचला. त्याला पाराजिक लागले नाही. स्वतःस असे झोकून देऊ नये, दिल्यास दुक्कट, एवढाच नियम झाला. त्रस्त माणसाला शिक्षा थोडी, त्याला मरणाची वाट दाखविणाऱ्याला संघाबाहेरची वाट, अशी ही मांडणी आहे.

आता आजीच्या प्रश्नाजवळ येऊ. औषध वा अन्न नाकारणे म्हणजे जीव देणे काय? पाचव्या शतकात बुद्धघोषाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या समन्तपासादिका या विनयाच्या अट्ठकथेत याचा विचार आला आहे. औषध आहे, शुश्रूषा करणारे आहेत, आणि केवळ मरण्याच्या इच्छेने आजारी भिक्खू अन्न सोडतो, तर दुक्कट. परंतु ज्याचा आजार मोठा आहे, दीर्घकाळ चालला आहे, सेवा करणारे भिक्खू थकले आहेत, आणि जपूनही हा देह टिकत नाही, यांना मात्र शीण होतो आहे, असे पाहून तो अन्न व औषध सोडतो, तर ते चालते. माझ्या मते या उताऱ्याचे बळ दोन गोष्टींत आहे. पहिली, हे आजाऱ्याने स्वतः जाणायचे आहे. सेवकाने त्याला सांगायचे नाही. दुसरी, उपाय थकल्यावरची ही मोकळीक आहे. उपायच मिळाले नाहीत अशा माणसाविषयी येथे बोललेले नाही. (याच अट्ठकथेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर पु. वि. बापट यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्यासह १९७० मध्ये प्रसिद्ध केले. मराठी पालि-परंपरेची ही मोठी कामगिरी आपल्याकडे क्वचितच आठवली जाते.)

बापटांचे गुरू धर्मानंद कोसंबी. महाराष्ट्रात पालिचे अध्ययन ज्यांनी रुजविले, त्या धर्मानंदांनी हा प्रश्न ग्रंथाबाहेर नेला. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेला हा मनुष्य बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला, १९०२ मध्ये सिंहलद्वीपात प्रव्रजित झाला, हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनावर बसला, पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात शिकवू लागला आणि पुढे मुंबईत परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभारू लागला. वार्धक्यात व्याधींनी गाठल्यावर त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवण्याचे ठरविले. प्रथम गांधीजींनी त्यांना परावृत्त केले. अखेर सेवाग्राम येथे जून १९४७ मध्ये अशाच उपोषणात त्यांचा अंत झाला. दहनापेक्षा दफन स्वस्त पडत असेल तर तेच करावे, म्हणजे जे कमी खर्चाचे ते, एवढीच त्यांची अंत्यविधीविषयी अपेक्षा होती. ५ जून १९४७ रोजी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे स्मरण केले.

हे मरण बौद्ध की जैन? धर्मानंदांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' या पुस्तकावरून दिसते की, निगण्ठ परंपरेतील सल्लेखनेविषयी त्यांना आदर होता. विनयाच्या काट्यावर ठेवले तर त्यांची कृती समन्तपासादिकेतील मोकळिकीत बसते असे मला वाटते. सर्वच पालि अभ्यासकांना ते मान्य होणार नाही. पुष्कळांनी त्यांच्या मरणावर गौरवाने लिहिले आहे. मी लिहिणार नाही. त्यांच्याविषयी आदर नाही म्हणून नव्हे. मरणाची थोरवी सांगू नये हा नियम त्यांनीच आपल्याला मराठीत वाचायला दिला, म्हणून. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न, पाणी व औषध सोडले, तेव्हाही गौरवाची अशीच लाट आली होती.

या दोन्ही घटनांच्या वेळी भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ अस्तित्वात होते आणि आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. सेवाग्राम आणि पवनार येथे त्याची आठवण कोणी केली नाही. खेड्यापाड्यांत मात्र वाचलेल्या माणसाच्या खाटेशी पोलीस जबानी घ्यायला येत. मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच म्हटले, आणि १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते पुन्हा वैध ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून दूर ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरले नाही. राजपुरुषाला कर्तव्यापासून अडविण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. प्रवृत्त करणाऱ्यास मात्र आजही शिक्षा आहे. कायदा अशा रीतीने विनयाच्या मांडणीजवळ आला, हे पाहून नवल वाटते.

उपचार नाकारण्याच्या अधिकारास चालना मिळाली ती मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाने. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर अत्याचार झाला आणि पुढील बेचाळीस वर्षे त्या जवळजवळ संज्ञाहीन पडून होत्या. त्यांना मरण यावे म्हणून केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील मंडळींचा आहे, असे मानले. मात्र काही अटींवर उपचार थांबविता येतील, हे तत्त्वही त्याच निकालात स्वीकारले गेले. १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचा मृत्यू झाला. अतिसाराने स्वतःच्या मळात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतल्याची कथा महावग्गात आहे. न्यायालयाने रक्ताचे नाते किंवा मालकी पाहिली नाही, धुणारे हात पाहिले, असे मी त्या निकालाचे वाचन करतो. पुढे ९ मार्च २०१८ रोजी मनुष्याला आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आगाऊ लेखी इच्छा नोंदविण्याची मुभा मिळाली. २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

एवढ्यावर वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला लेख संपविता येत नाही. आपल्या जिल्ह्यांत कर्जाखाली दबून शेतकरी जीव देतो, तेव्हा त्याच्या मरणाची चौकशी होते आणि कुटुंबाला एक लाख रुपये मिळावेत की नाही हे ठरविण्यासाठी ते मरण कागदावर 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. अशा मृत्यूला कोणी स्वतःच्या देहावरील हक्काचा वापर म्हणू लागला, तर त्याला उपसंपदेतील ऋणाचा प्रश्न आठवून द्यावा. ऋणी मनुष्य अत्ताधीन नसतो. सामञ्ञफलसुत्तात दास्याच्या उपमेआधी ऋणातून मुक्त झालेल्या मनुष्याची उपमा आहे. तो कर्ज फेडतो आणि बायकोपोरांना पुरेल इतके त्याच्याजवळ उरते, तेव्हा तो आनंदतो. जे नाकारण्याजोगे दुसरे काही हातात उरलेच नाही, तेव्हा जीव नाकारणे याला निवड म्हणता येत नाही.

दीघनिकायातच पायासि राजन्याला कुमारकस्सपांनी सांगितले आहे की, शहाणी माणसे कच्चे फळ पाडीत नाहीत, पिकण्याची वाट पाहतात. शीलवंताच्या जगण्याने पुष्कळांचे हित होत असते. हे वचन जगणाऱ्याला जितके लागू आहे तितकेच त्याच्या भोवतालच्यांना आहे. फळ झाडावर राहील एवढे पाणी झाडाला कोणी घातले, हेही विचारावे लागते.

म्हणून त्या मुलीला मी पत्रात असे लिहिले. आजीचे शरीर थोरल्या काकांचे नाही, धाकट्याचे नाही, तुझेही नाही, आणि आजीचीही त्यावर सत्ता चालत नाही हे तिच्या मूत्रपिंडांनीच सांगितले आहे. परंतु त्या शरीराची वेदना तिच्या वाट्याला येते, म्हणून निर्णयाचा पहिला आणि शेवटचा शब्द तिचा. तिला पुन्हा विचारा. अंगात थोडी ताकद असेल अशा दिवशी, काका जवळ नसताना विचारा. आयुष्य झाले, असे तिच्यासमोर कोणीही म्हणू नये, प्रेमानेदेखील. सुयांचा त्रास कमी करता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. आणि तिने थांबायचेच ठरविले तर श्वास लागल्यावर काय द्यायचे हेही त्यांच्याकडून आधी समजून घ्या, म्हणजे ती एकटी पडणार नाही. ती कशाला कंटाळली आहे ते नीट ऐकून घ्या.

आठ दिवसांनी मुलीचा फोन आला. तिने आजीला सांगितल्याप्रमाणे विचारले होते. आजी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पयले हे सांग, अकोल्याच्या गाडीचं भाडं कोन देऊन राह्यलं?"